तीन फुटांचं नेटवर्क

१९९०च्या आसपास ज्यांनी सॉफ्टवेअरच्या धंद्यात पाऊल टाकलं, त्यांच्या बोटांवर सोल्डरिंगचे चटके असायचे. हार्डवेअरवाल्यांच्याच नव्हे, आम्हा प्रोग्रामरांच्याही. एका कॉम्प्युटरमधली माहिती दुसऱ्यात न्यायची तर नल-मोडेम केबल लागे, आणि ती हवी तशी तयार मिळत नसे. मग पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून नऊ आणि पंचवीस पिनांचे कनेक्टर आणायचे, इकडची दोन नंबरची तार तिकडे तीनला आणि तीनची दोनला जोडायची, आणि एवढं करूनही गाडी हलली नाही तर हँडशेकच्या पिना आपापसात शॉर्ट करून मोकळं व्हायचं. इन्फ्रारेडची गोष्ट मी या केबलपासून सुरू करते, कारण या केबलनं इन्फ्रारेडची पाठ शेवटपर्यंत सोडली नाही. तिची जागा घ्यायला ते जन्मलं, आणि तिचंच सोंग घेत राहिल्यामुळे ते लवकर गेलं, असं माझं मत आहे.

तसं या अदृश्य उजेडाचं मूळ जुनं आहे. १८०० साली विल्यम हर्शेलनं लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात थर्मामीटर ठेवले, आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सगळ्यांत जास्त चढला. उजेडावरून बोलता येतं हे १८८० साली ग्रॅहम बेल आणि त्यांचे सहकारी टेंटर यांनी वॉशिंग्टनमध्ये आपल्या फोटोफोननं दाखवलं. तो मात्र साध्या सूर्यप्रकाशावर चालायचा. कॉम्प्युटरच्या जगात पहिलं गंभीर काम झालं ते आयबीएमच्या झुरिकजवळच्या प्रयोगशाळेत. ग्फेलर आणि बाप्स्ट या दोघांनी १९७९ साली एक निबंध छापला: खोलीत इन्फ्रारेड उधळायचं, ते भिंतींवर आणि छतावर आपटून पसरू द्यायचं, आणि त्या खोलीतल्या सगळ्या यंत्रांनी त्यावरून बोलायचं. कल्पना उत्तम होती. धंदा मात्र वेगळ्याच दिशेनं गेला, समोरासमोर धरायच्या किरणाच्या.

तो किरण खपवण्यात ह्युलेट-पॅकार्डचा मोठा वाटा होता. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांचे काही कॅल्क्युलेटर एका छोट्या प्रिंटरला बिनतारी हुकूम द्यायचे. तो मार्ग एकतर्फी होता. कॅल्क्युलेटर सांगणार, प्रिंटर ऐकणार, आणि कागद संपला तर तसं कुणाला कळवण्याची सोय नाही. १९९०च्या एचपी ४८एसएक्सनं दुतर्फी बोलणं आणलं. तिकडे जपानमध्ये शार्पनं स्वतःची वेगळी पद्धत काढली होती आणि ती ॲपलच्या न्यूटनमध्येही गेली. एकाचं यंत्र दुसऱ्याला ऐकू येईना. म्हणून १९९३ साली पन्नासेक कंपन्यांनी एकत्र येऊन इन्फ्रारेड डेटा असोसिएशन काढली. धंद्यात तिचं नाव झालं इर्डा (विम्यावर देखरेख करणाऱ्या सरकारी इर्डाशी हिचा काही संबंध नाही). १९९४ साली पहिलं मानक आलं, आणि त्यात एचपीची पद्धत जिंकली होती.

ती का जिंकली हे समजून घेण्यासारखं आहे. सिरियल पोर्टची चिप प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आधीच बसलेली होती. तिच्यातून निघणाऱ्या बिटांना एलईडीचे कपडे चढवले की झालं. बिट शून्य असेल तर एक चमक, एक असेल तर अंधार. आणि ती चमकही पूर्ण बिटभर नाही, बिटाच्या फक्त तीन षोडशांश वेळापुरती. सेकंदाला १,१५,२०० बिट पाठवताना ही चमक साधारण १.६ मायक्रोसेकंद टिकते. एवढ्यात भागतं कारण समोरच्याला चमक ‘झाली’ एवढंच कळायला हवं, आणि लॅपटॉपची बॅटरी वाचते. अंतराची हमी एक मीटरची, आणि किरणाचा पसारा मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा अंश. पुढे १९९५ साली ४ मेगाबिटांचा वेग आला, आणखी पुढे १६चाही; पण सामान्य माणसाच्या हातातल्या फोनमध्ये बहुतेक वेळा तो जुना १,१५,२००च राहिला.

या उजेडाची एक खोड होती. ज्या खिडकीतून यंत्र बोलतं, तिच्याच शेजारी त्याचा ऐकण्याचा डोळा असतो, आणि स्वतःच्याच चमकेनं तो दिपतो. त्यामुळे एकाच वेळी बोलणं आणि ऐकणं अशक्य. एकानं बोलून संपवायचं, त्याचा डोळा सावरेपर्यंत दुसऱ्यानं काही मिलिसेकंद थांबायचं, आणि मग बोलायचं. कुणाचा डोळा किती वेळात सावरतो हे दोघं सुरुवातीलाच एकमेकांना सांगतात. सुरुवातीची ही ओळखपाळख नेहमी ९६०० बिटांच्या संथ वेगानं होते, कारण तेवढं तरी प्रत्येकाला कळेल असा करार आहे. ओळख झाल्यावर वेग, पाकिटाचा आकार, उत्तराशिवाय किती पाकिटं सलग पाठवायची हे ठरतं.

मला सगळ्यांत आवडतो तो त्याच्याही आधीचा भाग, शोधाचा. ज्याला बोलायचं आहे तो आधी अर्धा सेकंद गप्प राहून कानोसा घेतो, दुसऱ्या कुणाचं बोलणं चालू नाही ना. मग शाळेतल्या हजेरीसारखे ओळीनं आकडे पुकारतो. समोर जी यंत्रं असतील ती मनाशी एक आकडा आपला आपणच, अंदाधुंद, निवडतात आणि तो आला की ‘हजर’ म्हणतात. सोबत नाव सांगतात, आपण प्रिंटर की फोन की कॉम्प्युटर याची एक खूण देतात, आणि ३२ बिटांचा एक पत्ता देतात. हा पत्ताही कायमचा नाही, तोही तिथल्या तिथे उचललेला. दोघांचा एकच निघाला तर तो बदलायला सांगायचं. आजचे फोन कुणी माग काढू नये म्हणून वायफायचा पत्ता बदलत राहतात आणि कंपन्या त्याची जाहिरात करतात. इर्डानं ते नव्वदीच्या दशकात काही गाजावाजा न करता केलं होतं.

आता सॉकेटकडे येते, म्हणजे माझ्या भाकरीकडे.

सॉकेट ही कल्पना कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाची. १९८३ साली त्यांच्या ४.२ बीएसडी युनिक्समधून ती जगात आली. प्रोग्रामरनं एक सॉकेट उघडायचं. ऐकणाऱ्यानं त्याला पत्ता बांधून वाट पाहत बसायचं, बोलणाऱ्यानं त्या पत्त्यावर जोडणी मागायची, आणि एकदा जोडलं गेलं की फाइलमध्ये लिहावं-वाचावं तसं लिहायचं-वाचायचं. मधे टेलिफोनची तार आहे, इथरनेट आहे की आणखी काही, याची प्रोग्रामला फिकीर नको. रचनाकारांनी एक जागा मुद्दाम मोकळी ठेवली होती: सॉकेट उघडताना ते कोणत्या ‘पत्त्यांच्या कुळा’तलं हे सांगायचं. इंटरनेट हे त्यातलं एक कूळ, नुसतं एक. बाकीच्या कुळांचा आम्हाला कधी उपयोग पडला नव्हता. स्टीव्हन्सचं युनिक्स नेटवर्किंगवरचं जाड पुस्तक आम्ही पारायण केल्यासारखं वाचलं, त्यात झेरॉक्सच्या कुळावरची पानं होती. ती आम्ही सरळ उलटायचो.

विंडोजवर हीच पद्धत विनसॉक या नावानं आली, त्याची १.१ आवृत्ती जानेवारी १९९३ची. आणि १९९६च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनं हातात मावणाऱ्या कॉम्प्युटरांसाठी विंडोज सीई काढलं, तेव्हा त्यात इंटरनेटच्या कुळाशेजारी इर्डाचं कूळ येऊन बसलं. हँडहेल्ड पीसीच्या कडेला ती काळपट लाल खिडकी असायचीच. तिच्यामागे आता केबलचं सोंग नव्हतं, सॉकेट होतं.

इंटरनेटचा पत्ता म्हणजे चार आकडे आणि वर पोर्टचा नंबर. ८० म्हणजे वेब, २५ म्हणजे टपाल, हे जगानं मिळून ठरवलं म्हणून चालतं. इर्डाच्या पत्त्यात दोनच गोष्टी: तो चार बाइटांचा यंत्राचा तात्पुरता पत्ता, आणि सेवेचं नाव. नाव! २४ अक्षरांपर्यंत, प्रोग्रामरला वाटेल ते. खाली प्रत्यक्षात नंबर असतोच, शून्य ते १२७ मधला, पण तो यंत्र स्वतः ठरवतं आणि आपल्या छोट्याशा नोंदवहीत त्या नावापुढे लिहून ठेवतं. बोलणारा आधी नोंदवहीला विचारतो की ‘हिशोब’ नावाचं कुणी आहे का, तिथून नंबर घेतो आणि जोडतो. हे सगळं कनेक्ट या एका हाकेच्या, म्हणजे कॉलच्या, पोटात होतं. नंबर पाठ करायचे नाहीत, कुणा समितीकडे अर्ज करायचा नाही. इंटरनेटवाल्यांनी पोर्टच्या बाबतीत हे करायला हवं होतं, असं मी आजही माझ्या विद्यार्थ्यांना सांगते.

एक जागा मात्र वेडीवाकडी होती. समोर कोण कोण आहे याची यादी मागण्यासाठी बर्कलीच्या जुन्या हाकांमध्ये काहीच नव्हतं, कारण इंटरनेटवर असा प्रश्नच कुणी विचारत नाही. मग सॉकेटचं सेटिंग विचारण्याची जी हाक होती तिच्याच गळ्यात हे काम बांधलं. विचारायचं सेटिंग, मिळायची शेजाऱ्यांची यादी. पहिल्यांदा वाचणारा हमखास गोंधळायचा. त्याहून वाईट म्हणजे कुळाचे नंबर. विंडोज सीईमध्ये इर्डाचं कूळ २२, मोठ्या विंडोजमध्ये २६, लिनक्समध्ये २३. यादीची रचनाही सीई आणि मोठ्या विंडोजमध्ये जराशी वेगळी. एकच सोर्स दोन्हीकडे चालवायचा तर हेडर फाइलमध्ये डोळ्यात तेल घालून बसावं लागायचं.

आमच्या छोट्या कंपनीनं हे तंत्र वापरलं ते औषधांच्या एका स्टॉकिस्टसाठी. त्यांची मुलं हडपसर, चिंचवड, वाघोली अशी दुकानोदुकानी फिरून ऑर्डरी घ्यायची. आधी हे वहीत चालायचं, आणि रात्री ऑपरेटर त्या वह्या बघून टाइप करायचा. हँडहेल्ड आल्यावर मुलानं संध्याकाळी काउंटरशी यायचं, यंत्र कॉम्प्युटरच्या खिडकीसमोर धरायचं, ऑर्डर आत. माझ्या सेवेचं नाव खरोखरच ‘हिशोब’ होतं, रोमन लिपीत. कागदावर सगळं सुरेख होतं. प्रत्यक्षात काउंटर पश्चिमेकडे तोंड करून होता आणि मुलं परतायची ती नेमकी ऊन उतरतीला लागताना. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतं. तिरपं ऊन थेट डोळ्यात शिरलं की त्याला एलईडीची चमक दिसेना. स्टॉकिस्ट वैतागून म्हणाले, “मॅडम, सरळ वायर लावून द्या ना! उजेडाचं काय घेऊन बसलात?” शेवटी त्यांच्याच गोदामातलं सलाइनच्या बाटल्यांचं रिकामं खोकं आडवं ठेवलं, त्याच्या आत खिडक्या समोरासमोर आणल्या, आणि काम चालू झालं. त्या खोक्याला मुलं ‘देव्हारा’ म्हणायची.

दुसरी अडचण हाताची होती. माणूस यंत्र धरतो, आणि मधेच मान वळवून कुणाशी तरी बोलतो, किरण हुकतो. इंटरनेटची टीसीपी पद्धत शिकून आलेल्या माणसाला वाटतं, जोडणी तुटली. इर्डा तसं मानत नाही. तीन सेकंद उत्तर आलं नाही तर वरच्या थराला नुसता इशारा, आणि दोन्ही बाजूंनी आधी ठरवलं असेल तर चाळीस सेकंदांपर्यंत धीर धरायचा. तेवढ्यात हात जागेवर आला तर अर्धवट राहिलेलं पाकीट पुन्हा जाऊन गाडी पुढे निघते, वरच्या प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. मात्र पडद्यावर तेव्हा काय दाखवायचं हे ज्यानं त्यानं ठरवायचं होतं, आणि बहुतेकांनी काहीच दाखवलं नाही. इन्फ्रारेड ‘अडकतं’ ही जी ख्याती झाली, तिच्यात उजेडापेक्षा आम्हा प्रोग्रामरांच्या आळसाचा हात जास्त होता.

त्याच सुमारास नॉर्वेच्या उत्तर टोकाला, ट्रॉम्सो विद्यापीठात, डाग ब्राटली नावाचा तरुण लिनक्ससाठी हाच सगळा डोलारा लिहीत होता. ट्रॉम्सोत हिवाळ्यात काही आठवडे सूर्य उगवतच नाही, तेव्हा आमच्या काउंटरची अडचण तरी त्याला नसणार. त्याचं काम जानेवारी १९९९च्या २.२ कर्नेलमध्ये होतं. पुढे एचपीच्या प्रयोगशाळेतल्या ज्यां तुरिल यांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं. लिनक्सनं हाकांची नावं विनसॉकशी मिळतीजुळती ठेवली, त्यामुळे आमच्यासारख्यांना इकडून तिकडे जाणं जमलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी खेड्यापाड्यांसाठी जो सिंप्युटर घडवला, तोही लिनक्सवर चालायचा आणि त्यालाही इन्फ्रारेडची खिडकी होती. यंत्र फार खपलं नाही, पण आपल्याकडे घडलेल्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर हे कूळ नांदलं, याची नोंद असायला हवी.

आणि मग विंडोज २०००. इथे मी वर म्हटलेली केबल परत आडवी येते. विंडोज ९५ आणि ९८मध्ये इन्फ्रारेड म्हणजे एक खोटा कॉम पोर्ट असायचा. जुन्या प्रोग्रामला वाटायचं तार आहे, खाली उजेड असायचा. फोनची, पाम हँडहेल्डची, मोडेमची सगळी सॉफ्टवेअरं याच भ्रमावर चालत होती. विंडोज २०००मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो खोटा पोर्ट काढून टाकला आणि सांगितलं, सॉकेट वापरा. तत्त्व म्हणून ते शंभर टक्के बरोबर होतं. तारेत कधी शोध नसतो, नावं नसतात, दुसरं यंत्र मधेच येत नाही. ते सगळं लपवून इन्फ्रारेडचं भलं होणार नव्हतं. पण ज्याच्या फोनचं सॉफ्टवेअर सकाळी बंद पडलं त्याला तत्त्वाशी काय देणंघेणं? जर्मनीतल्या यान किस्कानं आयआरकॉम२के नावाचा ड्रायव्हर लिहून तो खोटा पोर्ट परत मिळवून दिला, आणि लोकांनी त्याला दुवा दिला. सॉकेटकडे वळायची वेळ होती तेव्हा धंदा पुन्हा केबलच्या सोंगाकडे गेला. तोवर ब्लूटूथ दाराशी आलं होतं.

तरी इन्फ्रारेडची खरी चंगळ मी त्यानंतरच पाहिली. नोकिया ६११०वर दोन फोन समोरासमोर धरून सापाचा खेळ दोघांत खेळता यायचा. पुढे ६६००सारखे फोन आले तेव्हा कॉलेजच्या कट्ट्यावर पोरं डोक्याला डोकं लावून बसलेली दिसायची, मधे दोन फोन, टोकाला टोक, आणि कुणी हलायचं नाही अशी ताकीद. शंभर किलोबाइटांच्या फोटोला दहा-बारा सेकंद. चार मेगाबाइटांचं गाणं पाठवायला सहा मिनिटांहून जास्त. तेवढा वेळ हात स्थिर ठेवण्याची शिस्त त्या पिढीला दुसऱ्या कशानं लागली असेल असं वाटत नाही. पासवर्ड नाही, जोडी जमवणं नाही. तुमच्या समोर तीन फुटांवर जो बसला आहे त्यालाच ते जातं, हीच सुरक्षा.

या देवाणघेवाणीसाठी इर्डानं १९९७ साली ओबेक्स नावाचा प्रोटोकॉल केला होता: जोडा, ठेवा, आणा, सोडा, या त्याच्या मुख्य आज्ञा. ब्लूटूथवाल्यांनी १९९९ साली आपलं पहिलं मानक काढताना तो जसाच्या तसा उचलला. आजही अँड्रॉइड फोनवरून तुम्ही ब्लूटूथनं फोटो पाठवता तेव्हा वर रेडिओ असला तरी आतलं बोलणं ओबेक्सचं असतं. श्रेय मात्र ब्लूटूथच्या खात्यावर जमा झालं. हात न धरता, खिशातूनच बोलता येणं यापुढे इन्फ्रारेडचा टिकाव लागणार नव्हता, हे मला मान्य आहे. पण बापाचं नाव पुसायचं कारण नव्हतं.

उजेडावरून बोलणं काही सगळीकडे बंद झालेलं नाही. विजेच्या मीटरवर पुढच्या बाजूला एक गोल जागा असते. तिथे चुंबकानं चिकटणारा प्रोब लावून वाचन उतरवून घेतात, आणि आपल्याकडे कारखान्यांच्या मोठ्या जोडण्यांवर हे काम वर्षानुवर्षं चालत आलं आहे. त्यामागच्या जुन्या आंतरराष्ट्रीय मानकात बोलणं सुरू होतं ते सेकंदाला ३०० बिटांनी, आणि पहिला निरोप असतो एक तिरपी रेघ, एक प्रश्नचिन्ह, एक उद्गारचिन्ह. तिथे सॉकेट वगैरे काही नाही. सरळ सिरियल पोर्ट.

लिनक्सनं २०१७ साली, ४.१४ आवृत्तीत, इर्डाचा कोड मुख्य दालनातून उचलून पडवीत ठेवला, आणि २०१८च्या ४.१७ आवृत्तीत काढून टाकला. काढणाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चाचणी करायला कुणाकडे यंत्रंच उरली नव्हती, आणि न वापरलेला कोड हा चोरांसाठी उघडी खिडकी असतो. मात्र कॉम्प्युटर नेटवर्क शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. इंटरनेटचा स्टॅक वाचायला बसाल तर वर्ष जाईल आणि तरी टोक सापडणार नाही. त्याऐवजी ४.१३ कर्नेल उतरवून घ्या, नेट या फोल्डरातलं इर्डा उघडा, आणि सॉकेटच्या फाइलपासून खाली खाली उजेडाच्या चमकेपर्यंत वाचत जा. शोध, नाव, जोडणी, वाटाघाट, धीर, सगळं तिथे आहे, आणि एका सत्रात ते वाचून होतं.